हात कशाचे करायचे?

वर्कशॉपमध्ये किस्से भंगारासारखे साठतात. कोणी मुद्दाम आणत नाही आणि कोणाला फेकवतही नाही! आमच्या कॉलेजच्या टीमने स्पर्धेसाठी दगडधोंड्यांतून पळणारी गाडी बनवली, त्या वर्षी तर ढीग लागला.

चाक आणि सांगाडा जोडणारे सस्पेन्शन आर्म माझ्याकडे होते. आम्ही त्यांना सरळ 'हात' म्हणायचो. ते कशाचे करायचे, हे मी ठरवणार होतो. गाडी चालवणार होती प्राजक्ता. हात तुटला की चाक निखळणार!

*

प्राजक्ता एकदा आईशी फोनवर बोलत होती. मागून मी ओरडलो, "उजवा हात वाकला! दाबून धर प्राजक्ता, हातोडा मारतो!"

दुसऱ्या मिनिटाला पारशिवनीहून तिच्या बाबांचा फोन. "पोरीच्या हाताले हातोडा काहून मारून राहिले गा तुम्ही?"

*

मला ॲल्युमिनियमचं भारी वेड. सगळ्यांना पटवलं, "स्टीलपेक्षा दोन किलो वजन वाचते!"

प्राजक्ता म्हणाली, "दोन किलोसाठी मले काहून मारतं? त्यापेक्षा माझे तर्री-पोहे बंद कर न!"

ॲल्युमिनियम तिथेच संपलं.

*

मग ठरलं क्रोमोली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनमचं मजबूत स्टील. पाइप आले, सोबत शिक्क्यांचं सर्टिफिकेटही आलं. मी ते ऐटीत महाल भागातल्या बबनभाऊंकडे नेलं. आमचं सगळं वेल्डिंग तेच करायचे.

त्यांनी पाइप ग्राइंडरला टेकवला आणि उडणाऱ्या ठिणग्या निरखून पाहिल्या. मग सर्टिफिकेट घडी करून माझ्या खिशात घातलं.

"कागद असली आहे बाप्पा. पाइप साधा आहे!"

पाइप परत गेले. दुसरे आले, तेव्हा सर्टिफिकेट मी बाहेर काढलंच नाही.

*

कॉलेजच्या तपासणीत सरांनी विचारलं, "हेच मटेरियल का?" मी आलेख काढेपर्यंत प्राजक्ताने उत्तर देऊन टाकलं.

"सर, हे तुटाच्या आधी वाकते. मले ब्रेक माराले टाइम भेटते!"

सरांनी सही केली. माझे आलेख बॅगेतच राहिले.

*

शेवटचा प्रश्न पाइपच्या जाडीचा होता. मी दोन्ही प्रकारचे हात बनवून घेतले, पण माझा जीव पातळ पाइपवर, कारण गाडी हलकी होते. तेच लावून पहिल्या चाचणीला पारशिवनीजवळच्या माळावर गेलो. प्राजक्ताचे बाबा येऊन उभेच होते. त्यांनी वाकून हात चाचपला.

"कोनं निवडलं हे?"

"मी, काका."

"तुटन का?"

"नाही काका. दुप्पट भार टाका, काही होत नाही. हिशेब केला आहे."

"पक्कं?"

"शंभर टक्के!"

"मंग पह्यला चक्कर तू मार."

प्राजक्ताने हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. मी बसलो, बेल्ट आवळला, स्टिअरिंग धरलं. समोरच्या उतारावर हे एवढाले दगड!

मी मान वळवली. "काका, अर्धा तास थांबा न. टेम्पोत जाड पाइपचे हात आहेत, ते लावून घेतो!"