समुद्रावरून दिसणारं अंगण

घराचं अंगण समुद्रावरून बघायचं असतं, असं मानणारा माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे आमचे घिवलीचे घरमालक. साठच्या दशकात तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हा वर्तमानपत्राच्या कामासाठी मी बायकोसह त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत असे. ते थकलेले तांडेल, म्हणजे मासेमारीच्या होडीचे म्होरके होते. त्यांच्या दारापुढे पांढऱ्या कण्हेरीची रांग होती आणि ती इतकी माजली होती की भर दुपारी ओटीवर कंदील लागे. पोस्टमन पत्रं कुंपणावरून फेकी. वारा पडलेला असतानाही आत काहीतरी सळसळत राही. धामण आहे, असं तांडेल सांगत. पण धामण कोणी पाहिली नव्हती.

कण्हेर न कापण्याला कारण होतं. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडक आहे. बाहेरून येताना हा पांढरा पट्टा आणि मागच्या देवळाचा कळस एका रेषेत धरला की खडक टळतो. तांडेलांचा धाकटा भाऊ याच खुणेवर घरी येई. एकदा तो आला नाही. होडी नाही, फळीही नाही. तेव्हापासून तांडेलांनी घराचा समुद्राकडचा चेहरा बदलू दिला नाही. माझ्या बायकोने एकदा पिवळं लुगडं वाळत घातलं, तर ते किनाऱ्यावरून धावत आले. "वयनी, उतरवा ते आदी! कोनाला खडकावर घालताव?" अधूनमधून ते होडी काढत, लांबून स्वतःचंच घर बघत आणि परत येऊन समाधानाने जेवायला बसत. "बरोबर दिसतंय," एवढंच सांगत.

भावाची मुलगी त्यांनीच वाढवली. बाप गेला तेव्हा ती पाळण्यात होती. तिला बघायला सातपाटीचे पाहुणे आले. आत शिरताना मुलाच्या आईचा अंबाडा फांदीत अडकला आणि तो सोडवताना तिच्या मानेवरून काहीतरी गार फिरलं. बाई किंचाळत रस्त्यावर. "घर हाय का मसनवटा!"

मुलाचे वडील समजूतदार होते. "तांडेल, पोरगी पसंत हाय. पन ही झाडी काढा. आन् तुमची खूण आता बघतो कोन? सगळे त्या बांधकामाच्या यारीवर, त्या उंच क्रेनवर, नजर धरून होड्या आनतात."

"तो गेला तवा यारी कुटं व्हती?" तांडेलांनी शांतपणे विचारलं.

पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला.

पुतणी मात्र गप्प राहिली नाही. "काका, कण्हेर राखा, नायतर मला उजवा. दोन्ही नाय व्हायचं."

तांडेलांनी तोड काढली. कण्हेर मुळासकट उपटली, मधे वाट सोडून तगरीची रोपं लावली. तगरीला पांढरीच फुलं येतात आणि ती कापून मापात ठेवता येते. ती वाढेपर्यंत प्रत्येक रोपाशी कण्हेरीच्या उंचीचा बांबू रोवून त्याला पांढरं धोतर बांधलं. तिन्हीसांजेला ती भुतांची रांग वाटे; गावातल्या बाया घरावरून जायच्या बंद झाल्या. पोस्टमन कुंपणापर्यंतही येईना. मग तांडेलांनी मला होडीत बसवलं. "तुमी पेपरवाले. दिसंल तेच सांगाल."

दिवस मावळत होता. खडकाबाहेर त्यांनी होडी वळवली. कळसाखाली पांढरी रांग नीट लागली होती. वाऱ्याने धोतरं एका बाजूला फडफडत होती. शेवटचं फडफडत नव्हतं. ते आमच्याकडे तोंड करून उभं होतं. मग त्याने हात वर केला.

तांडेलांचं वल्हं थांबलं. "आलास?" ते म्हणाले. हाक मारल्यासारखं नाही. उंबऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला विचारावं तसं.

आम्ही किनाऱ्याला लागलो, घाईने अंगणात आलो. शेवटचा बांबू आडवा पडला होता. त्याच्या जागी पुतणी उभी होती, धोतर डोक्यावरून घेऊन. उंची पुरावी म्हणून एक हात तिने अजून वरच धरला होता.

"वाऱ्यानं पडला," ती म्हणाली. "म्हटलं, तेवढ्यात बाबा आला तं चुकंल."

तांडेल बांबू रोवू लागले. माती दाबायला त्यांना बराच वेळ लागला.

लग्न त्याच अंगणात झालं. आता तांडेल नाहीत. तगर त्यांनी ठरवलेल्या मापात आहे. सातपाटीहून रस्ता आहे, तरी पुतणी माहेरी होडीनेच येते, असं ऐकतो. खडकाबाहेर जरा थांबायला लावते म्हणे. बरोबर दिसतंय का, ते बघते.