चौथ्या बाजूचा सूर

वजीरभाईंचे पुढचे दोन दात हलायला लागले, तेव्हा चाकणातल्या निम्म्या घरांना आपल्या लेकींच्या लग्नाची काळजी लागली. दात गेले की ओठ आत जातात, आणि ओठ आत गेले की सनईची पत्ती धरायची कशाने? वजीरभाईंच्या सनईशिवाय त्या भागात अक्षता पडतच नसत, असं म्हणणं जरा फुगवून सांगणं होईल. पडत असत, पण मग वऱ्हाडी मंडळी वर्षभर कुरकुरत. त्यामुळे कांद्याच्या बाजारात माल उतरवता उतरवता लोक आधी भाव विचारत आणि लगेच वजीरभाईंचे दात विचारत. घरी त्यांची बायको खैरुन्निसा त्यांना भाकरी दुधात कुस्करून देई आणि म्हणे, "तुमचे दात तुमचे कुठं राहिले आता? गावाचे झाले. सांभाळा."

सत्तावन्न सालच्या त्या उन्हाळ्यात पुण्याहून यशवंतराव नावाचे गृहस्थ आले. एका लहानशा रेकॉर्ड कंपनीत ते गाणारे-वाजवणारे हुडकायचं काम करत. चिंचवडच्या एका लग्नात त्यांनी वजीरभाईंना ऐकलं होतं आणि तेव्हापासून झोप नीट लागली नाही असं ते म्हणाले. माणूस बोलायला गोड होता, पण खोटा नव्हता. दोन तबकड्या काढायच्या, चार बाजू, चारही बाजूंवर नुसती वजीरभाईंची सनई, असा त्यांचा बेत.

वजीरभाईंनी सुपारी कातरून त्यांच्या हातावर ठेवली. स्वतः खाल्ली नाही. दातांनी ती सोय कधीच काढून घेतली होती.

"साहेब, मी एकट्यानं कधी वाजवलंच न्हाई," ते म्हणाले. "आक्काबाईंच्या हळदीच्या गाण्यांमागं वाजवलं. देहूचे मारुतराव पखवाज घेऊन बसले, त्यांच्यासंगं वाजवलं. पिंपरीच्या बँडमधला युसुफ क्लॅरिनेट वाजवतो, त्याच्यासंगं मिरवणुका केल्या. तबकडी काढायची तर एकेका बाजूला एकेक जोडीदार पायजे."

यशवंतरावांना कल्पना आवडली. "तीन झाले. चौथा कोण?"

"अर्जुनराव."

"ते काय वाजवतात?"

"सूर धरतात."

यशवंतरावांचा चेहरा पडला. सनईवाल्याच्या मागे एक जण दुसरी सनई घेऊन बसतो. तिची भोकं मेणानं बुजवलेली असतात. त्यातून एकच स्वर निघतो, आणि तो माणूस नाकानं श्वास घेत, गालात साठवत, तो एक स्वर अखंड चालू ठेवतो. यालाच सूर धरणं म्हणतात. लग्नात जेवणाची पंगत बसली की त्याला शेवटी बोलावतात, आणि कधी कधी तेही विसरतात.

"वजीरभाई, सूर तर हवाच," यशवंतराव समजावणीच्या स्वरात म्हणाले. "पण सुराची जोडी कशी होणार? लोकांना त्यात ऐकू काय येणार? तबकडीवर त्यांचं नाव घालणंही मला अवघड आहे."

"मग ऱ्हाऊ द्या," वजीरभाई म्हणाले. रागानं नाही. यशवंतरावांनी पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला आणि मान्य केलं.

वजीरभाई एवढं अडून का बसले, हे कळायला अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीपर्यंत मागं जावं लागतं. त्या साथीत त्यांचा धाकटा भाऊ अजीज गेला. तोच त्यांचा सूर धरायचा. घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि सुराशिवाय सनई म्हणजे भिंतीशिवाय छप्पर. वजीर तेव्हा वीस-बावीस वर्षांचा होता. त्यानं सनई कापडात गुंडाळून आढ्याला टांगली आणि कांद्याची पोती उचलायला बाजारात जाऊ लागला.

अर्जुन हा अजीजचा लहानपणापासूनचा मित्र. घर पाटलांच्या भावकीतलं, विहिरीचं पाणी, दोन बैलजोड्या. लहान असताना तो आणि अजीज ओढ्याकाठी बसून गव्हाच्या काडीनं तांब्यातल्या पाण्यात अखंड बुडबुडे काढायचे. कोणाचे आधी तुटतात याची पैज. अजीजचा बाप त्याला श्वास शिकवायचा आणि अर्जुन फुकटात शिकला. साथ ओसरल्यावर अर्जुनच्या बहिणीचं लग्न निघालं. वजीर वाजवायला येत नाही म्हणाला. अर्जुननं त्याच्या घरी जाऊन आढ्याची सनई स्वतःच्या हातानं काढली, अजीजची सुराची सनईही काढली, आणि लग्नाच्या दिवशी डोक्याला फेटा बांधून, नवरीचा सख्खा भाऊ असूनही, वाजंत्र्यांच्या जाजमावर वजीरच्या मागे जाऊन बसला. भावकीतली म्हातारी माणसं लाल झाली. चुलत्यानं त्याच्याशी बोलणं टाकलं. अर्जुननं गाल फुगवले ते फुगवले. त्यानंतर तिकडची लग्नं असोत, उरूस असो की देवळातला उत्सव, आपलं शेत सांभाळून तो वजीरच्या मागे बसत आला. वजीरचा संसार त्या सनईवर उभा राहिला, पोरींची लग्नं त्या सनईवर झाली. याबद्दल दोघांत एक शब्दही कधी झाला नव्हता. वजीरभाईंना अनेकदा बोलावंसं वाटे, पण समोरचा लगेच बैलांचा विषय काढी.

आणि आता अर्जुनरावांची छाती कफानं भरत होती. तळेगावच्या डॉक्टरांनी फुंकणं बंद करा म्हणून सांगितलं होतं. वजीरभाईंचे दात गाव विचारत होतं. अर्जुनरावांची छाती कोणी विचारत नव्हतं. ते गेले तर त्यांनी आयुष्यभर जे केलं त्याचा मागमूस राहणार नव्हता, आणि ही गोष्ट वजीरभाईंना दातांपेक्षा जास्त दुखत होती.

चाकणला वीज नव्हती, म्हणून रेकॉर्डिंग चिंचवडच्या एका शाळेच्या खोलीत ठेवलं. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्यांना गोधड्या टांगल्या होत्या. आत इतकं उकडत होतं की मारुतरावांच्या पखवाजाची शाई सुद्धा घामेजल्यासारखी दिसत होती.

यशवंतरावांनी सगळ्यांना एक नियम घालून दिला. "शेवटचा स्वर झाला की पुतळ्यासारखं बसायचं. वाद्य खाली ठेवायचं नाही, खोकायचं नाही. मी हात खाली केला की मगच हला. टेपच्या मशिनला सगळं ऐकू येतं."

आक्काबाईंनी पहिली बाजू गायली, पण त्याआधी तासभर सगळ्यांचा जीव काढला. त्यांना शब्दच आठवेनात. जात्यावर हात फिरल्याशिवाय ओवी तोंडात येत नाही, आणि शाळेत जातं कुठून आणणार? शेवटी त्यांनी जमिनीवर मूठ ठेवून ती गोल गोल फिरवायला सुरुवात केली, आणि गाणं झऱ्यासारखं आलं. वजीरभाई त्यांच्या बाजूनं सनई हळू वाजवत राहिले आणि मनात म्हणाले, या बाईनं माझ्या सगळ्या पोरींना हळद लावली, हिचे आपण किती उपकार घेऊन बसलोय. दुसरी बाजू मारुतरावांची झाली, तिसरी युसुफची. या तिन्ही वेळा सूर यशवंतरावांनी मांडीवरच्या पेटीनं दिला. अर्जुनरावांची छाती शेवटच्या बाजूसाठी राखायची, असं वजीरभाईंनी ठरवून टाकलं होतं.

चौथ्या बाजूच्या आधी ते अर्जुनरावांजवळ सरकले. "अर्जुना, मेण काढू का भोकांचं? तू चार स्वर वाजव. सूर मी धरतो."

"म्हातारपणी चळ लागलाय का तुला?" अर्जुनराव म्हणाले. "मला बोटं हलवाया येत न्हाईत. तू वाजव गप."

मग नेहमीसारखंच झालं. अर्जुनराव मागे डाव्या अंगाला बसले, फक्त मायक्रोफोन त्यांच्याही जवळ ओढून घेतला होता. सूर सुरू झाला आणि वजीरभाईंनी नवरी मांडवात येते तेव्हाची धून धरली. दात हलले, ओठ सरकला, पण धून गेली नाही. शेवटचा स्वर संपला तसे ते यशवंतरावांच्या नियमाप्रमाणे सनई ओठाशी धरून स्तब्ध बसले.

सूर मात्र थांबला नाही.

वाजंत्र्यांची रीतच तशी. सनईवाला मध्येच थांबतो, पत्ती ओली करतो, पाण्याचा घोट घेतो. सुरानं तुटायचं नसतं. सनई मांडीवर आली की समजायचं, संपलं. वजीरभाईंची सनई मांडीवर आली नव्हती. यशवंतरावांनी सांगितलेला नियम अर्जुनरावांनी ऐकला होता, पण जुन्या सवयीपुढे तो त्यांच्या डोक्यात क्षणभरही टिकला नसावा.

यशवंतराव डोळ्यांनी खुणा करू लागले. वजीरभाईंना चूक लगेच कळली. सनई मांडीवर ठेवली असती तर काम भागलं असतं. त्यांनी ठेवली नाही. एरवी वाजवताना मध्ये थांबत तेव्हा त्यांचं चित्त पुढच्या स्वरात, पत्तीत, मांडवातल्या गडबडीत असे. आज पुढे काही वाजवायचं नव्हतं. मागून एकच स्वर येत होता, ना वर ना खाली, आणि याच स्वरावर आपण घर बांधलं, लेकरं वाढवली, नाव कमावलं, हे त्यांना इतकं स्वच्छ जाणवलं की डोळे भरून आले. यशवंतरावांचा हात खाली आला तरी ते हलले नाहीत. सुराला बारीकसा कंप आला तेव्हा मात्र ते भानावर आले आणि त्यांनी सनई घाईनं मांडीवर ठेवली.

अर्जुनरावांना खोकल्याची उबळ आली. आक्काबाई त्यांना धरून बाहेर लिंबाखाली घेऊन गेल्या.

"पुन्हा घ्यावं लागेल," यशवंतराव म्हणाले.

"त्यांच्यानं व्हनार न्हाई."

"मग शेवटचा नुसता सूर कापतो. एका बाजूला एवढं मावतच नाही."

"सूर ऱ्हाऊ द्या," वजीरभाई म्हणाले. "कापायचं तर माझं कापा. सुरवातीचं काढा, किती लागंल तेवढं."

यशवंतरावांनी गोधडी बाजूला करून खिडकीतून लिंबाखाली बसलेल्या माणसाकडे पाहिलं. मग मशिनवरच्या गड्याला सांगितलं, "सुरुवात काप." आणि जाताना स्वतःच म्हणाले की चौथ्या बाजूवर दोन्ही नावं सारख्या अक्षरात येतील.

तबकड्या दिवाळीनंतर आल्या. चाकणच्या बाजारपेठेतल्या चहाच्या हॉटेलात चावीचा फोनो होता, तिथं सगळे जमले. अर्जुनरावांचं फुंकणं तोवर पूर्ण बंद झालं होतं. काठी टेकत ते आले. चौथी बाजू लागली. सनई संपली तसे लोक उठायला लागले, पण वजीरभाईंनी हातानं सगळ्यांना खाली बसवलं, आणि त्या गजबजलेल्या हॉटेलात अर्जुनरावांचा सूर एकटा ऐकू येऊ लागला. चहा पिणाऱ्यांनी कपबशा खाली ठेवल्या. वजीरभाईंनी मोठ्या आशेनं जोडीदाराकडे पाहिलं.

अर्जुनरावांच्या कपाळाला आठ्या होत्या. "सुरवात कुठं गेली?"

"कापली."

"कुनी?"

"मीच कापाया लावली. तुझा सूर मावत नव्हता."

"येडा हायेस," अर्जुनराव म्हणाले आणि खरोखरच रागावले. "माझा सूर मला काय ऐकायचाय? मागं बसून फुंकताना सगळं ध्यान श्वासावर असायचं. तू काय वाजवायचास ते लोकं निघताना बोलायची, तवा मला कळायचं. तबकडी येईल, मग निवांत बसून तुला ऐकू म्हनून मी दिवाळी काढली, आन् तू कापून बसलास."

इतकी वर्षं मनात साठवलेले आभाराचे शब्द वजीरभाईंनी तसेच ठेवले. ते उठले, घरी गेले आणि सनई घेऊन आले. अर्जुनरावांसमोर बाकड्यावर बसून त्यांनी कापलेला तेवढा तुकडा वाजवला, मग पुढचंही वाजवलं. अर्जुनराव काठीवर दोन्ही हात ठेवून, श्वासाची कसलीही काळजी न करता, ऐकत होते.