कागदाचे दाणे

आमचे हे कुवेतच्या एका इस्पितळात लॅबमध्ये होते. गळ्याला गाठ आलेली माणसं तिथं येत. गाठीत बारीक सुई घालून थेंबभर काढायचं, ते काचेवर पसरून रंगवायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. पुष्कळदा नुसत्या नजरेला कळत नसे, गाठ साधी आहे की वाईट. म्हणून तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मोजायचं काढलं होतं.

हे मला माहीत, कारण त्या मोजणीतलं एक काम अबू हलीफा भागातल्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर चाले. ते मी करत असे.

"अंड्यात बलक असतो ना, तसा पेशीत एक दाणा असतो," ह्यांनी मला सांगितलं होतं. "दाणे लहान, एकसारखे असले तर बहुतेक बरं. मोठे, वेडेवाकडे असले तर संशय." मायक्रोस्कोपला आरसा जोडून हे त्या दाण्यांच्या आकृत्या कागदावर गिरवून आणत. मी त्या रेघेवरून कापायच्या. मग एकेका रोग्याचे दाणे लॅबच्या नाजूक काट्यावर वजन करायचे. कागद जड तर दाणा मोठा. मोजायचं मशीन येणार येणार म्हणत होते, आलं नव्हतं.

माहेरी गणपतीच्या मखराची कागदी जाळी मीच कापायची, त्यामुळे हात बसलेला होता. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून माझ्यापुढे कोणी कागद ठेवला नव्हता. ह्यांचे मित्र आले की हे म्हणत, "ही आमची असिस्टंट," आणि सगळे हसत. मी आत चहा टाकायला जाई, पण ते ऐकायला बरं वाटे.

एकदा जेवताना हे माझ्याकडे टक लावून बघत राहिले.

"परत पाणी पी बघू."

मी प्यायले.

"गळ्यात काहीतरी वर-खाली होतंय तुझ्या."

ह्यांच्याच इस्पितळात गेलो. डॉक्टर मिसरी, म्हणजे इजिप्तचे होते, धिप्पाड, पण सुई टोचताना हात हलका. नंतर त्यांनी आम्हाला पुन्हा बोलावलं. माझ्याकडे बघत ते इंग्रजीत बराच वेळ बोलले. मधेच स्वतःच्या गळ्यावर बोटाने आडवी रेघ काढून दाखवली. हे खाली बघून ऐकत होते. मग मला म्हणाले, "साधी गाठ आहे म्हणतात. लक्ष ठेवायचं."

"एवढंच? केवढं बोलत होते ते!"

"इंग्रजीत लांबतं."

मला हसू आलं. डॉक्टरांना मी नमस्कार केला. हे त्यांच्याशी दोन वाक्यं बोलले, डॉक्टरांनी माझ्याकडे जरा नवलाने बघितलं आणि मान हलवली. मला वाटलं, माझ्या नमस्काराचं नवल.

पुढे काही दिवसांनी जो गठ्ठा आला, तो कापतानाच वेगळा वाटला. कात्री वळवायला नेहमीपेक्षा जास्त जागा मिळत होती.

"ह्या गठ्ठ्यातले दाणे मोठे आहेत हो. बाई आहे का कोणी?"

"हं." हे तिथली खुबूस रोटी आमटीत बुडवून खात होते.

"बिचारी. तिला सांगितलं का?"

"सांगतील."

त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, तेव्हा त्या अनोळखी बाईसाठीही मी हात जोडले.

मग चैत्रातलं हळदीकुंकू आलं. आमच्या इमारतीत इस्पितळातली मराठी कुटुंबं बरीच. खालच्या मजल्यावर सांगलीकडची एक नर्स राहायची, तीही आली. मी तिला कुंकू लावायला वाकले, तर माझ्या गळ्याकडे बघून म्हणाली, "वहिनी, धाडस आहे हं तुमचं. मला तर झोप लागली नसती."

"कसलं धाडस?"

"ऑपरेशनला नाही म्हणालात ना! मोजणी पुरी होईपर्यंत थांबते म्हणालात. डॉक्टर अजून विचारतात तुमच्या साहेबांना, बाई तयार झाली का म्हणून."

"त्यांना काय काळजी?" दुसरी एक म्हणाली. "घरचाच वैद्य! इकडे पोळी, तिकडे तपासणी." सगळ्या हसल्या.

मीही हसले. हातात करंडा होता. पुढच्या बाईला कुंकू लावलं, तिच्या पुढचीला लावलं, आंब्याची डाळ वाढली. मला काहीच माहीत नव्हतं, हे त्या बायकांना कळू नये, एवढंच डोक्यात होतं.

सगळ्या गेल्यावर हे बेडरूममधून बाहेर आले.

"मी नाही कधी म्हटलं?" मी विचारलं.

ह्यांना लगेच कळलं. "तू घाबरली असतीस. मोजणी झाली की सांगणारच होतो."

"तो मोठ्या दाण्यांचा गठ्ठा?"

हे करंड्याचं झाकण लावू लागले.

"मी तिला बिचारी म्हटलं. तुम्ही जेवत होतात."

"दुसरं कोणी इतकं नीट कापत नाही गं," हे म्हणाले. जणू मी त्याबद्दलच विचारलं होतं.

"काय आलं मोजून?"

"मधलंच. मोठे आहेत, पण साध्या गाठीतही कधी एवढे निघतात. काढून तपासल्याशिवाय नक्की कळणार नाही."

म्हणजे डॉक्टरांनी गळ्यावर रेघ काढून दाखवली होती, तेच.

मी नर्सबाईंना बरोबर घेऊन इस्पितळात गेले. ह्यांच्याशिवाय तिथं जाण्याची माझी पहिलीच वेळ. डॉक्टर दाराकडे बघत राहिले, हे मागून येतील म्हणून. मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, "मेरे को किसी ने बताया नहीं था. मैं ना नहीं बोली. निकालो." नर्सबाईंनी ते इंग्रजीत सांगितलं. सांगताना त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली.

हे मिठाईचा डबा घेऊन वॉर्डात आले. डोळे भरलेले होते, ते खोटं नव्हतं. "बघ," म्हणाले, "मी साधीच म्हटलं होतं ना तुला? पहिल्याच दिवशी!" शेजारच्या खाटांवर मिठाई वाटत हिंडले. मला बोलायची मनाई होती. परवानगी असती तरी काय बोलले असते, कोण जाणे. गाठ वाईट निघाली असती तर ह्यांनी माझी माफी मागितली असती, असं पडल्या पडल्या मनात आलं, आणि आपण हे काय मनात आणतो आहोत म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं.

टाके सुकल्यावर एक दिवस टेबलावर पुन्हा गठ्ठा होता. शेजारी माझी शिवणाची कात्री काढून ठेवलेली.

"ही माणसं कोण?" मी विचारलं.

"नावं नसतात, तुला माहीत आहे."

"त्यांना सांगितलंय का?"

"ते डॉक्टरांचं काम. तू कापायला काय हरकत आहे?"

मी कात्री उचलली आणि शिवणाच्या डब्यात ठेवली. हे ओट्यावरची मासे साफ करायची कात्री धुऊन घेऊन आले आणि स्वतःच कापायला बसले. रेघ सुटत होती. एक दाणा मधोमध फाटला, तो त्यांनी मुठीत लपवला.

मी पाहिलं, आणि भात टाकायला आत गेले.