घोडबंदरवरून अंधेरी ते अंधेरी: मोटारसायकल घ्यायच्या आधी

नळाला पाणी होतं तोवर हंडा आणि दोन्ही कळशा भरून घेतल्या होत्या. दुधाच्या रिकाम्या बाटल्या विसळून दाराशी ठेवल्या होत्या. कोळसे दमट होते, शेगडी काही केल्या धरत नव्हती, म्हणून मी पंख्याने वारा घालत बसले होते. मधू दाढी अर्धी सोडून बाहेर आला. एका गालावर साबण तसाच.

"आई, फिरतीची जागा मला देतायत. पण स्वतःची गाडी पाहिजे म्हणतात."

"सायकल आहे की."

"सायकलने कुठं कुठं पोचू? वसईपासून चेंबूरपर्यंत लोकांच्या विहिरींवर आमचे पंप आहेत. मोटारसायकल लागेल."

मी वारा घालायची थांबले नाही. शेगडी धरली, मी भात लावला, त्याचा डबा भरला.

मधू माझा एकुलता एक मुलगा. घाटकोपरला पंपांच्या कारखान्यात दुरुस्तीच्या कामावर आहे. सहा वर्षांपूर्वी त्याचे वडील कुर्ला रोडने सायकलवरून कामावर जात होते. मागून ट्रक आला. ते तिथेच गेले. सायकलचं नुसतं मागचं चाक बदलावं लागलं, आणि तीच सायकल मधू चालवतो. तेव्हापासून मी त्या रस्त्याला गेले नव्हते. घाटकोपरला नणंद राहते, तिच्याकडे जायचं तरी मी दादरला गाडी बदलून उलटा फेरा घालून जायचे.

त्याने जी मोटारसायकल बघून ठेवली होती ती सांताक्रूझच्या फ्रान्सिसची. हा विमानतळावर फिटर आहे. लढाई संपल्यावर विलायतेहून आलेली लहान इंजिनाची गाडी त्याने मोडक्या अवस्थेत घेतली आणि जुहूच्या मोकळ्या मैदानावर मित्रांशी शर्यती लावायला सजवली. हँडल खाली वाकवलेलं, टाकी लांबट, रंग कोकमासारखा लाल. चांगल्या स्थितीतली साधी मोटारसायकल आम्हाला परवडणारी नव्हती. ही परवडत होती, कारण एकट्याने पोटावर झोपून चालवायची गाडी संसारी माणूस घेत नाही.

"विकतोस कशाला?" मी फ्रान्सिसला विचारलं.

"काय सांगू बाय, घरवाली बोलते, एक तर ही ऱ्हाईल नायतर मी. आता ही सैपाक करत नाय ना!"

मी हसले नाही. पैसे मधूच्या वडिलांच्या फंडातले होते आणि माझ्या नावावर होते, म्हणून हो की नाही हे मी सांगायचं होतं. यंत्रातलं मला काही कळत नाही. मी म्हटलं, "मी मागे बसून दिवसभर फिरून बघीन. मग सांगीन." मधूला वाटलं मी चेष्टा करते. फ्रान्सिसने मात्र मागच्या कॅरियरवर काथ्याची गादी दोरीने आवळून बांधून दिली आणि रविवारपुरती गाडी दिली.

वाचनालयातून मी प्रवासवर्णनं आणते. लिहायला वाचायला मी लग्नानंतर शिकले, घरात येणाऱ्या वर्तमानपत्रावर. त्या पुस्तकांतून हिमालय झाला, काशी झाली, विलायतही झाली. आपल्या उपनगरांना वळसा घालणाऱ्या रस्त्याबद्दल कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही. म्हणून हे लिहिते. कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळी हवेत गारवा होता. पिशवीत थालीपीठं, दह्याचा डबा आणि फिरकीच्या तांब्यात पाणी घेतलं. बायकांसाठी सांगते, पदर कमरेला घट्ट खोचा आणि निऱ्यांचा घोळ मांडीखाली दाबून बसा, नाहीतर तो चाकाकडे जातो. समोरच्या बिऱ्हाडातल्या कुसुमताई गॅलरीतून बघत होत्या.

"काय हो मधूच्या आई, कुठं निघाली स्वारी? या वयात?"

"गाडी बघायला."

"गाडी तर दिसतेय. तुम्ही पडू नका म्हणजे झालं."

पडण्याचा विचार मी रात्रभर केलाच होता. गाडी सुरू झाली तेव्हा तो आवाज माझ्या दातांत घुमायला लागला. मी एका हाताने मधूचा सदरा धरला आणि दुसऱ्याने गादीची दोरी. जोगेश्वरी येईपर्यंत मी डोळे मिटून होते. म्हशींच्या गोठ्यांचा वास आला तेव्हा उघडले.

घोडबंदर रोड बोरिवलीपर्यंत बरा आहे. मालाडच्या बाजारात बैलगाड्या आडव्या लागतात आणि कांदिवलीच्या पुढे खड्डे आहेत, पण दोन्हीकडे चिंचेची मोठी झाडं असल्यामुळे ऊन लागत नाही. पेट्रोल बोरिवलीलाच भरून घ्या, पुढे ठाण्यापर्यंत भरवसा नाही. स्टेशनजवळ एका खानावळीत दोन आण्यांत उसळ-पाव मिळाला. उसळ तिखटजाळ होती. मधूने दोनदा घेतली. मी नुसता चहा घेतला. कप मी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"भीती वाटते का गं?"

"नाही. कप गरम आहे."

दहिसरनंतर मिठागरं लागतात. मिठाचे ढीग उन्हात इतके पांढरे दिसत होते की बघवत नव्हतं. मग वस्ती संपते, जंगल सुरू होतं. उजव्या हाताला डोंगर आणि पुढे घोडबंदरची खाडी. टेकडीवर जुना पडका किल्ला आहे. पलीकडे वसईच्या बाजूची गर्द झाडी दिसते. खाडीकाठी झाडाखाली आम्ही थालीपीठं खाल्ली. जागा सुंदर आहे, एवढं नक्की सांगते. पोटात भीती नसेल तर आणखी सुंदर वाटेल.

इथपर्यंत मधूने गाडी फार संभाळून आणली होती. प्रत्येक खड्ड्याला थांबल्यासारखा होत होता. मला बरं वाटायला लागलं होतं. मग सहज विचारलं, "रोज असाच चालवशील ना?"

तो हसला. "असं कोण चालवतं गं? मघाशी एका सायकलवाल्याने मागे टाकलं आपल्याला."

"मग मी सकाळपासून काय बघितलं?"

आपण गाडी बघायला जातो आणि मागे आईला बसवतो. आई असताना कुणी गाडी खरी चालवतं का? मला स्वतःचाच राग आला. मी त्याला म्हटलं, "जा. ठाण्याच्या बाजूला जाऊन ये. मी मागे नाही असं समजून चालव. खोटं चालवू नकोस."

"खरंच?"

"जा म्हटलं ना."

त्याने लाथ मारून गाडी सुरू केली. पुढे वाकला, छाती टाकीला टेकवली, कोपरं आत घेतली. त्या पाठीवरून मला तो ओळखू येईना. मग गाडी अशी सुटली की माझ्या तोंडून त्याचं नाव निघालं ते मलाच ऐकू आलं नाही. वळणापलीकडे आवाज बराच वेळ येत राहिला, बारीक होत गेला आणि एकदम थांबला.

लांब गेला म्हणून थांबला असेल, मी मनाला सांगितलं. पण आवाज लांब जातो तेव्हा विरत जातो. हा तुटला होता.

रस्त्याच्या कडेला सुक्या मासळीची पाटी घेऊन एक आगरीण बसली होती. तिने मला विचारलं, "कुनाची वाट बगतंस गो?"

"मुलगा पुढे गेलाय."

"येल. भूक लागली का येतांन पोरां."

"आत्ताच जेवलाय," मी म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग थोडी सरकून तिने मला सावलीत जागा केली.

मी बसले नाही. उभीच राहिले. सहा वर्षांपूर्वी मधूचे वडील गेले त्या दिवशी मी वाट बघतच नव्हते. दुपारी मी वाल सोलत होते. मला काही माहीतच नव्हतं. यावेळी मी सगळं जाणून तिथे उभी होते, आणि त्याला पाठवलं होतं मीच. चालत निघावं असं वाटत होतं, पण चालत गेले तर त्या वळणापलीकडे काय असेल ते बघावं लागेल.

मग आवाज आला. थांबला. पुन्हा आला, पुन्हा थांबला. शेवटी गाडी वळणावरून दिसली, शांतपणे येत होती. मधू उतरला. सकाळी वर दुमडलेल्या बाह्या आता मनगटापर्यंत खाली होत्या. गुडघ्याला माती होती.

"चेन सैल झाली होती. बसवत होतो," तो म्हणाला.

मी पुन्हा मागे बसले. आगरीण म्हणाली, "बगलंस? आला का नाय?"

थोडं पुढे गेल्यावर एक वळण लागलं. डोंगरावरून वाहून आलेली वाळू रस्त्यावर पसरली होती. तिथे मधूने गाडी अगदी हळू केली आणि कडेने, जपून नेली. वाळूत चाकांच्या खुणा होत्या. एकमेकींवर पडलेल्या, बऱ्याच. मला वाटलं, इथून फार वाहनं जात असतील. तुम्ही गेलात तर ते वळण सांभाळा.

ठाण्याहून आग्रा रोडने मुलुंडला आलं की नाका लागतो. दारूबंदी असल्यामुळे तिथे वाहनं तपासतात. हवालदाराने आम्हाला बाजूला घेतलं.

"कुठून?"

"घोडबंदर," मधू म्हणाला.

"कशाला गेलावता?"

"फिरायला."

"आईला घेऊन? असल्या गाडीवर? बाई, पिशवीत काय आहे?"

"थालीपीठं होती. आता दह्याचा डबा."

त्याने डबा उघडून हुंगला. "परवा एक आजीबाई पकडली. हातात जपमाळ, आणि पोटाला सायकलच्या ट्यूबा बांधलेल्या, दारूने भरलेल्या."

"माझ्या पोटात फक्त थालीपीठ आहे, हवालदार."

तो हसला. मग त्याची नजर मधूच्या हाताकडे गेली. बाही कोपराशी लाल झाली होती. "काय रे, पडलास?"

मधूने माझ्याकडे बघितलं. मी हवालदाराकडे बघत होते.

"हो," तो म्हणाला. "वळणावर."

भांडुपच्या मिठागरांवरून खारा वारा येत होता. मी त्याचा सदरा सोडून दोन्ही हातांनी दोरी धरली होती. घाटकोपरला स्टेशनसमोर एका गुजराती फरसाणवाल्याकडे गरम गाठिया आणि चहा मिळतो. चार आण्यांत दोघांचं झालं. बाकावर बसून मी तांब्यातलं उरलेलं पाणी त्याच्या कोपरावर ओतलं. सालपट निघालं होतं, हाड नीट होतं.

"चेन सैल झाली होती का?"

"नाही."

"मग खोटं का बोललास?"

"सांगितलं असतं तर तू तिथंच नाही म्हटलं असतंस."

"आता सांग."

त्याने खाली बघत सांगितलं. वेग चांगला होता. इतकं छान वाटत होतं की वाळू दिसली तेव्हा उशीर झाला होता. घाबरून पुढचा ब्रेक जोरात दाबला. चाक घसरलं, गाडी एकीकडे आणि तो एकीकडे.

"चूक गाडीची?"

"माझी."

"मग एवढा वेळ काय करत होतास? मी तिकडे मेल्यासारखी उभी होते."

"परत मागे जाऊन तेच वळण घेत होतो. पहिल्यांदा पाय टेकवत, मग थोडं जोरात. चार-पाच वेळा. ते जमल्याशिवाय तुला मागे बसवून तिथून न्यायचं नव्हतं."

तेव्हा मला त्या खुणा कळल्या. मी त्याला गाठियाचा पुडा दिला, कारण दुसरं काय करायचं ते कळेना. राग होता, आणि रागाच्या खाली काहीतरी सैलही झालं होतं.

निघताना तो म्हणाला, "माहीमवरून वळून जाऊ या का? थोडं लांब पडेल."

"कुर्ला रोडने चल."

"आई..."

"तू रोज त्याच रस्त्याने जातोस ना? चल."

साकीनाक्याच्या पुढे ती जागा आहे. मी डोळे उघडे ठेवले होते. एक पानाची गादी झाली आहे आणि शेजारी टायर दुरुस्तीचं दुकान. काही माणसं विड्या ओढत उभी होती. त्यातल्या एकाने आमच्या गाडीकडे बघून शीळ घातली. मधूने वेग कमी केला नाही, वाढवलाही नाही. मधूचे वडील कडेने जाणारे होते. कधी घाई नाही. त्यांची त्या दिवशी काही चूक नव्हती, असं पोलीसही म्हणाले होते. मधूने आज चूक केली आणि तो माझ्यापुढे बसलेला होता. यातून कुणाला काही शिकता येत असेल तर मला आलेलं नाही.

अंधेरीला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. कंबर धरली होती, कानांत आवाज घुमत होता, चेहऱ्यावर धुळीचा थर. एका दिवसात चाळीसेक मैल झाले. खायला-प्यायला एक रुपयाही लागला नाही, पेट्रोल वेगळं. जायचं असेल तर थंडीतच जा आणि घोडबंदरला थोडं जास्त थांबा. मी मधूच्या कोपराला हळद लावली. तो ताटावरच पेंगायला लागला.

रात्री मी गाडीचा विचार करत होते. ती चांगली आहे की वाईट हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. भीती गेली नाही, जाणारही नाही, हे तेवढं कळलं. सायकलवरून तो जायचा तेव्हाही ती होतीच, मी फक्त तिच्याकडे बघत नव्हते. आणि त्या वळणापलीकडे मी नसताना तो परत मागे गेला होता, हेही कळलं.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून आल्यावर आम्ही त्याच गाडीवरून सांताक्रूझला गेलो आणि मी फ्रान्सिसला पैसे दिले. मागची काथ्याची गादी सोडून त्याला परत केली. मधू म्हणाला, "आई, मग तू कशी येणार?" मी म्हटलं, "तू हो पुढे," आणि बसने घरी आले.