कमळाची उरलेली बी

पाण्याच्या बादलीत तळाशी कमळाच्या तीन बिया महिनाभर गोट्यांसारख्या पडून होत्या. शेजारच्या कुंडीत बायकोने पपई चिरून बिया नुसत्या भिरकावल्या, तर तिथे कोणाला न विचारता दाट रोपं उभी राहिली. मी चिडून बाजारात गेलो आणि बीवालीवर ओरडलो, "मेलेल्या बिया गळ्यात मारल्यास!"

तिने शांतपणे आपल्याकडची एक बी दगडावर घासून दाखवली. "अशी घासलीत का, दादा? कवच एवढं टणक, पाणी आत शिरणार कुठून? भाव पाडताना तासभर बोललात, हे विचारायला तोंड शिवलं होतं? आणि घासताना कवचाखालचं पांढरं दिसलं की थांबा."

घरी येऊन घासायला बसलो. आयुष्यात जे मिळवलं ते समोरचा 'बस्स' म्हणाल्यावरही रेटून मिळवलं. थांबायची सवय या हातांना नाही. पहिली बी रागात फुटली, दुसरी जपून घासतानाही फुटली. दोन्हींच्या आत हिरवागार कोंब होता. म्हणजे बीवाली खरं बोलत होती, आणि जिवंत बिया मीच मारल्या.

तिसरी मुठीत धरून बसलो आहे. दगड समोरच आहे, पण हात पुढे होत नाही.