सिरानचा चाळिसावा दिवस

आमचे शेजारी होवसेपकाका म्हणजे बैरुतमधले आर्मेनियन चांभार. त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या बायकोचं, सिरानचं, इथिओपियाहून घरकामाला आलेल्या तिगिस्तनं सहा वर्षं सगळं केलं. सिरान गेल्यावर त्यांच्या रिवाजाप्रमाणे चाळिसाव्या दिवशी तिची आठवण करायला काका आणि तिगिस्त तिच्या आवडत्या खाजगी किनाऱ्यावर गेली.

"काका, तुम्ही या. मोलकरणींना आत सोडत नाही," रखवालदार म्हणाला.

"मग मलाही नको," म्हणत काका वळले आणि तिला घेऊन सार्वजनिक किनाऱ्यावर आले. तिथे एका सीरियन बाईनं पोरांना सरकवून चटईवर जागा दिली. दुखवट्याचे काळे कपडे पाहून तिनं तिगिस्तला विचारलं, "कोण गेलं गं तुझं?"

आजवर सगळे काकांचंच सांत्वन करून गेले होते.

"आई," तिगिस्त म्हणाली आणि पहिल्यांदाच रडली.