ताईचं चार किलोंचं जाकीट

माझ्या ताईनं तेहेतीस वर्षं टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीमागे काढली. त्यामुळे तिच्या हातात काहीही द्या, ती ते दोनदा वरखाली करते आणि वजन सांगते. काटा नंतर बघायचा, तोही तुमच्या समाधानासाठी. माझी मुलगी दवाखान्यातून घरी आली तेव्हा सगळे नाक कुणासारखं आणि डोळे कुणासारखे यात गुंतले होते. ताईनं पोरीला उचललं आणि म्हणाली, "दोन किलो नऊशे. दुपट्यासकट."

आम्ही दोघं भावंडं तीस वर्षं सुट्टी मिळाली की नदीवर जातो. काठावर गळ टाकून डुलक्या काढायच्या, असली ती मासेमारी नव्हे. स्वस्थ बसणं आमच्या घराण्यातच नाही. गळाच्या आकड्यावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी लांब दोरीनं पाण्यावर अलगद टाकायची, उचलायची, पुन्हा टाकायची, आणि हे सगळं कमरेएवढ्या वाहत्या पाण्यात उभं राहून. सामान खाली ठेवायला जागाच नसते, म्हणून जे लागेल ते अंगावर वागवावं लागतं. त्यासाठी बिनबाह्यांचं, खिसेच खिसे असलेलं जाकीट मिळतं. ताईचं जाकीट जाड कापडाचं, सतरा खिशांचं, पाठीला मासा उचलायची जाळी टांगलेलं. 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' म्हणून मी तिला चिडवायचो. मी स्वतः कधी जाकीट घातलं नाही. गळाची काठी उचलली की निघालो, याचा मला भारी अभिमान होता.

या वर्षी ताईच्या हातून एक कप पडला. आठ दिवसांनी दुसरा पडला. मग कळलं की उजव्या हाताची दोन बोटं तिला कधीपासून बधिर वाटत होती आणि तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी मानेची तपासणी केली, फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "शीर दबलीय. मानेवर, खांद्यावर दीड किलोच्या वर काही घ्यायचं नाही. नाहीतर उरलेली बोटंही जातील."

"दीड म्हणजे जाळी धरून, की जाळी सोडून?" ताईनं विचारलं.

डॉक्टरांना जाळी कसली ते कळेना. मी ताईला दंडाला धरून बाहेर आणलं. घरी येऊन तिनं जाकीट हातात घेतलं, म्हणाली, "चार दोनशे." काट्यावर ठेवलं, तर चार किलो दोनशे.

मासेमारीची बंदी उठून नदी खुली व्हायला नऊ दिवस होते. तेवढ्यात हलकं जाकीट मिळालं तर ताई येणार होती, नाहीतर नाही. जुनंच घालून येण्याइतकी ती वेडी नव्हती. आणि ती आली नाही तर मी एकटा तिथे जाऊन काय करणार? ते बोलून दाखवायच्याऐवजी मी तिच्यावर खेकसत राहिलो. आम्हाला जमतं तसं आम्ही प्रेम करतो.

जुन्या जाकिटातलं सगळं सामान ताईनं एका पिशवीत भरलं, वर स्वयंपाकघरातला काटा ठेवला आणि आम्ही दुकानं हिंडायला लागलो. तिचं म्हणणं असं की रिकामं जाकीट कुणालाही हलकंच वाटतं, ते भरून घातल्याशिवाय त्याचा स्वभाव कळत नाही. म्हणणं बरोबरच होतं, पण दुकानदाराच्या डोळ्यांदेखत त्याच्या कोऱ्या मालाच्या खिशांत बाई डब्या आणि चिमटे कोंबायला लागली की मला तोंड कुठे लपवू असं व्हायचं. पहिल्या दुकानात कॉलरची शिवण बरोबर मानेच्या मणक्यावर येत होती. दुसऱ्या दुकानात खिसे इतके खाली, की कमरेएवढ्या पाण्यात सगळं भिजलं असतं. ताई जाकीट घालायची, दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताडताड चालायची, वाकायची, हात वर करून नसलेली दोरी फेकायची आणि जाकीट काढून ठेवायची.

"ताई, हे घालून लग्नाला जायचंय का?" मी म्हणालो.

"तू गप्प बस, ठोंब्या," ताई म्हणाली. मी सत्तावन्न वर्षांचा आहे.

पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी आम्ही तिसऱ्या दुकानात शिरलो. दुकानदारीण बाई नाकावर चष्मा घेऊन शांतपणे विणत बसल्या होत्या. त्यांनी काहीही न विचारता ताईच्या मानेकडे पाहिलं आणि आतून जाळीच्या कापडाचं एक जाकीट आणलं. रुंद, लवचीक कॉलर, खिसे छातीशी. ताईनं हातात घेतलं. "दोनशे ऐंशी," ती म्हणाली आणि तिचा चेहरा उजळला. तिनं ते घातलं, चालली, वाकली, हात फिरवला. माझा जीव भांड्यात पडला.

"नको," ताई म्हणाली. "खिसे सहाच आहेत."

मग मात्र माझा तोल सुटला. "अगं, तीन दिवसांवर नदी आलीय! तुला मान वाचवायचीय की खिसे मोजायचेत? आयुष्यभर लोकांची ओझी तोललीस, आता स्वतःचं कमी करताना कसले नखरे?"

दुकानदारीण बाईंनी विणकाम खाली ठेवलं. "असं करा," त्या म्हणाल्या, "तुम्हाला मासे धरायला खरंच जे लागतं, तेवढंच बाजूला काढा."

ताईनं पिशवी फळीवर उपडी केली. गावागावांची पार्सलं वेगळी करावीत तसा तिचा हात चालला. क्षणभरही अडला नाही. उजवीकडे छोटा ढीग, डावीकडे मोठा. छोटा ढीग जाकिटात गेला, जाकीट जाळीसकट काट्यावर चढलं. चौदाशे तीस.

"झालं की!" मी ओरडलो. "हा बाकीचा कचरा दे फेकून."

"हा चष्मा कुणाचा?" बाईंनी मोठ्या ढिगातून एक चष्मा उचलून विचारला.

चष्मा माझा होता. दोन वर्षांपूर्वी मी तो हरवला होता. म्हणजे मला तो हरवला असं वाटत होतं. त्याच्या खाली माझ्या गुडघ्याचं मलम होतं. मला चक्कर येते तेव्हा ती देते त्या गोड गोळ्यांची डबी होती. मोठाल्या माश्यांच्या दोन डब्या होत्या, कारण बारीक माशी मला आता दिसत नाही. माशी बांधायच्या जाड दोऱ्याची रिळं, कारण मी बारीक दोरा तोडतो. माझे कोरडे मोजे. घडी घातलेला रेनकोट, माझ्या मापाचा. सव्वादोन किलो मी. तीस वर्षं हात हलवत पुढे चालणारा मी, आणि मागून माझं बिऱ्हाड तिच्या मानेवर.

"तू मागतोस तेव्हा लागतं," ताई खाली बघत म्हणाली. "आणि तू मागतोसच."

मला लाज वाटली. इतकी, की तिच्याकडे बघवेना. मी बाईंना विचारलं, "यात माझ्या मापाचं आहे का?"

होतं. ताईनंच ते भरलं आणि भरताना तिचं तोंड एक क्षण थांबलं नाही. चष्मा इथे, गोळ्या तिथे, मलम खाली ठेवू नकोस, ऐकतोयस ना? रस्त्यावर येईपर्यंत माझी मान अवघडली होती.

नदी खुली झाली त्या सकाळी आम्ही पाण्यात उतरलो. ताई वीस पावलांवर होती. मोकळी दिसत होती, पण हात सारखे नसलेल्या खिशांकडे जात होते. तासाभरानं पाहिलं तर ती माझ्याकडे पाठ करून उभी, दोरी खाली लोंबतेय, खांदे हलतायत. बराच वेळ तशीच. मग ती पाणी कापत माझ्याकडे आली. तळहातावर नवी माशी होती.

"बांधून दे," ती म्हणाली. "बोटांत दोरा आहे की नाही, तेच कळत नाही."

ओझं उतरवलं की बोटं परत येतील, असं मी धरून चाललो होतो. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. मी चष्मा शोधायला सगळे खिसे उलटेपालटे केले. चष्मा कुठे आहे ते तिला माहीत होतं, पण तिनं सांगितलं नाही. आणि मला गाठ येत नव्हती. आजवर माझ्या माश्याही तीच बांधत आली होती.

"पाच वेढे घाल. आता टोक मागून आण. ओलं कर. ओढ."

गाठ सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. तिसरी बसली. तिनं ओढून पाहिली, मान हलवली आणि वळली.

"ताई, थांब," मी म्हणालो. "परत दाखव."

"आत्ताच तर बांधलीस."

"बसली, पण कशी बसली ते कळलं नाही. सारखं तुला विचारायचं म्हणजे..."

"मासे जातील, ठोंब्या," ताई म्हणाली. पण ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिनंही हातात एक दोरा घेतला. त्या दिवशी भर पाण्यात उभे राहून आम्ही दुपारपर्यंत गाठी मारत होतो. तिच्या सुटत होत्या. माझ्या बसायला लागल्या होत्या.